शुक्रवारचं वाचन

शशिकला अमृतकर ही माफ करणारी बाई नाही. तिला ओळखणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. अंतराला ठाऊक नव्हतं, कारण अंतरा दोह्यात नवी होती आणि माणसांकडे तिला फोनमधून बघायची सवय होती.

आधी शशिकलाबद्दल सांगते. ती मूळची सिन्नरची. लग्न होऊन इथे आली तेव्हा अल हिलालमध्ये आमच्या इमारतीच्या मागे नुसती वाळू होती, असं ती सांगते. नवरा सुदाम गॅस कंपनीत देखभालीच्या खात्यात. पहाटे कंपनीची बस येते, त्या बसने तो रास लफानला जातो. इतकी वर्षं झाली, पण अजूनही शशिकला बस वळणाआड जाईपर्यंत खिडकीत उभी राहते. एकुलता एक मुलगा कैवल्य. तो इथेच जन्मला, इथेच इंग्रजी शाळेत शिकला, आता मँचेस्टरला असतो.

खाली कोपऱ्यावर एक किराणा दुकान होतं. त्या दुकानदाराने एकदा तिला खवट खोबरं दिलं आणि वर म्हणाला, "मॅडम, आप को ही स्मेल आता है." शशिकला त्या दुकानात पुन्हा गेली नाही. ऑगस्टच्या उन्हात, डांबर पायाला चिकटत असताना, ती मीठ आणायला सिग्नल ओलांडून पलीकडच्या दुकानात जायची. काही वर्षांनी ते कोपऱ्यावरचं दुकान बंद पडलं. त्या दिवशी तिने श्रीखंड केलं. सुदामने कशाबद्दल म्हणून विचारलं नाही, दोन वाट्या खाल्लं.

हे गेल्यावर मी मुलाकडे दोह्याला आले, तेव्हा श्रावण होता. विधवेला मंगळागौरीला बोलवत नाहीत. शशिकला वर आली आणि म्हणाली, "मधुकाकी, इथे मंगळवारी सुट्टी नसते, म्हणून शुक्रवारी मंगळागौर आहे. तुम्ही यायचं." मी म्हटलं, मला कसं चालेल? ती म्हणाली, "गाणी तुम्हाला येतात का? मग चालेल." तिथे एका बाईने माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. शशिकला तिला सर्वांसमोर म्हणाली, "तुला नको असेल तर तू जा. चप्पल दाराशी आहे." ती बाई गेली नाही. मी मात्र त्या दिवसापासून शशिकलाची झाले. पुढचं सगळं मी तिच्या बाजूने सांगणार आहे, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं.

मंगळागौरीचे खेळ हा शशिकलाचा प्रांत. झिम्मा, पिंगा, लाट्या, कोंबडा, सूप नाचवणं, आणि फुगडीचे तर इतके प्रकार की नावं मलाही पाठ नाहीत. इथे वाढलेल्या पोरींना, ज्यांना "आई" सोडून सगळं इंग्रजीत बोलायचं असतं, तिने घरी बोलावून हे खेळ शिकवले. तिचे दोन नियम होते. नऊवारी स्वतः नेसायची, शिवलेली चालणार नाही. आणि पुरुषांनी आत यायचं नाही. ज्या व्हिलात कार्यक्रम असेल तिथल्या पुरुषांना आम्ही करक चहा प्यायला पाठवून द्यायचो. ती म्हणायची, "एक जरी मिशी दिसली ना, तर बायका अंग चोरतात. अंग चोरून फुगडी होत नाही."

मागच्या श्रावणात अंतरा प्रथमच आली. पस्तिशीची, मुंबईची, हुशार आणि गोड बोलणारी. नवरा देवव्रत इंजिनिअर. अंतराचं इन्स्टावर 'वाळवंटातली मराठमोळी' नावाचं पान होतं. त्यावर ती पुरणपोळीपासून उंटापर्यंत सगळं दाखवायची. आल्याआल्या तिने कोपऱ्यात एक तिवई उभी करून त्यावर फोन लावला. शशिकलाने विचारलं, "हे काय गं?"

"काही नाही काकू, आपल्यासाठी. आठवण."

शशिकला पोरींना बस फुगडी दाखवत होती. उकिडवं बसून, एकेक पाय पुढे टाकत उड्या मारायच्या. पंचावन्नाव्या वर्षी ती ते करत होती आणि पोरी तोंड उघडं टाकून बघत होत्या. तेवढ्यात तिची टाच काठावर पडली. कासोटा सुटला आणि ती त्या गुळगुळीत संगमरवरी फरशीवर उताणी, पाय वर. "अगं आई, गेले मी!" असं ती ओरडली. आम्ही सगळ्या हसलो. तीही पोट धरून हसली. मग उठली, आत जाऊन कासोटा खोचून आली आणि पुन्हा खेळली. इथवर सगळं ठीक होतं. खोलीतल्या खोलीत पडलेली बाई खोलीतल्या खोलीत उठली होती.

दुसऱ्या दिवशी अंतराने ते रील टाकलं. खाली ढोलाचा आवाज, ती पडते तिथे हळू केलेलं, पुन्हा मागे नेऊन पुन्हा पाडलेलं. आठवड्याभरात ते इथल्या प्रत्येक मराठी माणसाने पाहिलं, नंतर मराठी न समजणाऱ्यांनीही पाहिलं. कोणीतरी त्याचं व्हॉट्सॲपचं स्टिकर केलं. उताणी शशिकला, आणि खाली 'गेले मी!' पगार उशिरा झाला की ते स्टिकर. क्रिकेटमध्ये विकेट पडली की ते स्टिकर. सुदामच्या ऑफिसातल्या ग्रुपवर ते एका तेलुगू सुपरवायझरने टाकलं. ती कोण आहे हे त्याला माहीतसुद्धा नव्हतं.

शशिकलाने अंतराला फोन केला तेव्हा मी शेजारीच बसले होते.

"अंतरा, तो व्हिडिओ काढून टाक."

"काकू, चिल! अहो, किती प्रेम मिळतंय तुम्हाला! लोक हसतायत म्हणजे तुम्ही आनंद वाटताय."

"मला नाही वाटायचा. काढ."

"काकू, आता ट्रेंड होतोय. काढला तर पानाची सगळी रीच जाईल. आणि लोकांनी शेअर केलेत ते मी कुठून काढू? मी काय म्हणते, आपण पार्ट टू करूया का? तुम्ही परत करायची, या वेळी न पडता. कमबॅक!"

शशिकलाने फोन ठेवला. आठवड्याने पार्ट टू आला, पण तो तिच्याशिवाय. मुंबईच्या एका दुकानाने अंतराला शिवलेल्या नऊवाऱ्या भेट पाठवल्या होत्या. त्यांची जाहिरात होती ती. आधी शशिकला पडते, मग अंतरा शिवलेल्या नऊवारीत गिरक्या घेते आणि म्हणते, "कासोटा सुटणार नाही, गॅरंटी!"

ज्या बाईने आयुष्यभर शिवलेल्या नऊवारीला नाक मुरडलं, तिच्या पडण्यावर ती नऊवारी विकली गेली.

त्यानंतर शशिकला आजारी पडली. आजार कुठल्या तपासणीत दिसणारा नव्हता. आधी तिने संध्याकाळचं बागेतलं फिरणं सोडलं. मग मंडळ सोडलं, मग साडी. कुडता आणि वर ओढणी, डोक्यावरून घेतलेली, कारण ओढणीत चेहरा ओळखू येत नाही. भाजी मार्केटात तिला वाटायचं, हा हसला, तो हसला. काही खरंच हसले असतील. आरोग्य केंद्रातल्या मल्याळी नर्सने दोनदा वळून बघितलं, तर ती नंबर सोडून परत आली. मी बळेच पुन्हा नेलं. डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "फोन बघू नका." एवढंच जमत असतं तर ती डॉक्टरकडे कशाला गेली असती? दिवसभर हातात फोन. भाजी फोडणीला टाकून फोन, ती करपली तरी फोन. ती त्या व्हिडिओखालच्या कॉमेंट वाचत असायची. आज नवी कोणती आली, कालची अजून आहे का, कोणाला किती लोकांनी पसंत केलंय. मी एकदा तिच्या हातातून फोन काढून घेतला, तर तिने डोळे मिटले आणि न अडखळता म्हणायला लागली. कोणाची कॉमेंट, काय लिहिलंय, त्यापुढे कुठलं चित्र. लहानपणी आम्ही प्रार्थना पाठ म्हणायचो, त्याच चालीत. 

सुदाम वाईट माणूस नाही. तो म्हणायचा, "अगं, लोक हसतील आणि विसरतील."

"तुमच्या ऑफिसात स्टिकर आलं तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"काय करणार?"

"हसलात?"

तो बुटाची नाडी सोडायला वाकला. मग म्हणाला, "थोडंसं. सगळे हसत होते म्हणून."

त्याचं जेवण तिने केलं, पण वाढलं नाही. पुढे कितीतरी दिवस सुदाम आपलं ताट आपण घेत होता.

आमच्या शाळेतल्या नन्स क्षमेबद्दल फार बोलायच्या. दुसरा गाल पुढे करा, मन हलकं होतं. मी आयुष्यभर तसं करून पाहिलं. गाल दुखतो. शशिकलाला मी क्षमा कर असं एकदाही म्हटलं नाही, आणि त्याचा मला आनंद आहे.

जैतून आमच्या खालच्या मजल्यावर राहते. रत्नागिरीची. तिचा नवरा रहमान रुवैसच्या बंदरावर कामाला आहे आणि ती इथल्या कतारी घरांच्या लग्नांत मेंदी काढायला जाते. एका दुपारी ती शशिकलाकडे बोंबलाचं कालवण घेऊन आली, शशिकलाची अवस्था बघून डबा खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"शशीताय, ह्या असा किती दिवस चालायचा? आमच्या लग्नांत जा तू. दारातच फोन काढून घेतात. राजाची आजी आली तरी तिचा घेतात. का? तर आत बायका डोकी उघडी टाकून नाचतात. एकीनं चोरून फोटो काढलान, तर तिच्या घरापर्यंत पोलीस गेले."

"पोलीस?"

"मग? हिथं दुसऱ्याचा फोटो त्याला न विचारता टाकणं गुन्हा हाय. तुला कोणी बोलला नाय?"

रात्रीच्या जेवणाला मी माझ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, हो, गुन्हा आहे, कंपनी आम्हाला दरवर्षी बजावते. आणि केस उभी राहिली तर ती संपेपर्यंत देश सोडता येत नाही, असंही होतं. सकाळी मी हे जसंच्या तसं शशिकलाला सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला. कितीतरी दिवसांत तिने तो स्वतःहून खाली ठेवला नव्हता.

"अंतरा लोक कॅनडाला चाललेत," ती म्हणाली. "जानेवारीत. कायमचे. काल तिने रील टाकलंय, सामान बांधतानाचं."

मग ती उठली आणि केस विंचरायला बसली.

अंतराला तिने एवढंच कळवलं की मी पोलिसांत जाणार आहे. त्यानंतर तासाभरात तो व्हिडिओ गायब झाला, पार्ट टू गायब झाला, पान कुलूपबंद झालं. संध्याकाळी देवव्रतने सुदामला फोन केला. "सर, प्लीज. माझी तिकडची नोकरी ठरलीय. मुलाची शाळा ठरलीय. इथलं घर सोडलंय आम्ही." सुदाम बिचारा फोन हातात धरून शशिकलाकडे बघत राहिला.

"जाऊ दे ना गं. पोरगी आहे."

"फोन मला द्या," शशिकला म्हणाली. "देवव्रत, अंतराला शुक्रवारी सकाळी माझ्याकडे पाठवा. व्हिडिओ काढला असला तरी कॉमेंट तिच्याकडे असतील. नसतील तर माझ्याकडे आहेत, मी सगळ्यांचे फोटो काढून ठेवलेत."

शुक्रवारी अंतरा पेढे घेऊन आली. शशिकलाने पेढ्यांचा डबा दारातल्या चपलांच्या कपाटावर ठेवला, आत आणला नाही. तिने मला आणि जैतूनला बोलावून घेतलं होतं. अंतरा रडायच्या तयारीने आली होती, तसा आवाज लावूनच तिने सुरुवात केली.

"काकू, आय ॲम रिअली सॉरी. मला खरंच..."

"बस. ती खुर्ची घे. सॉरी मला नकोय." शशिकलाने आपला फोन तिच्या हातात दिला. "ह्या कॉमेंट वाच. पहिल्यापासून. मोठ्याने."

"म्हणजे?"

"मी एकटीने वाचल्या. आता तू वाच, मी ऐकते."

"आणि मग तक्रार नाही ना?"

"आधी वाच."

अंतराने फोन वर केला. पहिली वाचताना तिला हसूच फुटलं, अवघडल्यासारखं. शशिकला म्हणाली, "हसायचं नाही. तिथे हसणारा चेहरा असेल तर तो शब्दांत वाचायचा. आणि आधी नाव."

अंतराने घसा साफ केला. "प्रशांत अंडरस्कोर नाइन. 'क्रेन बोलवा रे कोणीतरी.' रडेपर्यंत हसणारा चेहरा. रडेपर्यंत हसणारा चेहरा. रडेपर्यंत हसणारा चेहरा."

"पुढची."

"मुंबईची मुलगी. 'कतारच्या गॅसचा फुगा फुटला.' हसणारा चेहरा, आग, आग."

"पुढची."

"'ह्या वयात घरी बसून जपमाळ ओढायची की...' काकू, इथे शिवी आहे."

"मला माहीत आहे. वाच."

अंतराने ती शिवी वाचली.  जैतूनने पदर तोंडाशी धरला. मी शशिकलाकडे बघत होते. ती ताठ बसली होती आणि अंतराच्या ओठांबरोबर तिचे ओठ हलत होते. दुपारच्या अजानपर्यंत वाचन चाललं. मग शशिकला म्हणाली, "खलास. आजचं पुरे. पुढच्या शुक्रवारी."

"पुढच्या?" अंतरा म्हणाली. "अजून?"

"अर्ध्यासुद्धा झाल्या नाहीत बाई. चारशेच्या वर आहेत. लोकप्रिय नाही का तू?"

ती दारातून जाताना शशिकलाने पेढ्यांचा डबा तिच्या हातात परत दिला.

नोव्हेंबरपासून दर शुक्रवारी असं चाललं. अंतरा यायची, खुर्चीवर बसायची, वाचायची. तिच्या कुटुंबाचं सगळं या खुर्चीवर टांगलेलं होतं. विमानाची तिकिटं, मुलाची शाळा, नवऱ्याची नोकरी. रोज सकाळ-संध्याकाळ देवव्रत सरकारी ॲपवर बघायचा, आपल्या नावावर काही लागलंय का. काही दिसत नव्हतं, पण दिसत नाही म्हणजे नाहीच, अशी खात्रीही कोणी देत नव्हतं. अंतराचा चेहरा उतरत गेला. पहिल्या शुक्रवारी ती ओठ रंगवून आली होती, तिसऱ्या शुक्रवारी केस नुसते रबरात बांधलेले होते. शशिकला मात्र त्या महिन्यात पुन्हा दोन पोळ्या खायला लागली.

त्या तिसऱ्या शुक्रवारी अंतरा मध्येच थांबली. "काकू, मला झोप येत नाहीये. हे वाचलेलं डोक्यात फिरत राहतं. काल देवव्रत मला काहीतरी सांगत होता आणि मला फक्त 'क्रेन बोलवा' ऐकू येत होतं."

शशिकला पुढे वाकली. तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी उत्सुकता होती, दोन आजारी माणसांनी एकमेकांना विचारावं तशी. "पहाटे जाग येते का? आणि छातीत धडधडतं?"

"हो."

"आणि परत फोन बघावासा वाटतो? कोणी काही नवीन लिहिलंय का म्हणून?"

"हो, काकू. तुम्हाला कसं..." बोलता बोलता अंतरा थांबली.

"जैतून, हिला चहा दे," शशिकला म्हणाली. "साखर जास्त घाल. मग पुढची वाच गं."

मला तिची दया आली का? थोडी आली. पण मी ती खोलीत दाखवली नाही. शशिकला महिनोन् महिने या अवस्थेत असताना या मुलीने गिरक्या घेतल्या होत्या.

डिसेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी कॉमेंट संपत आल्या. अंतरा आता सवयीने वाचत होती, एकसुरात, रेल्वेच्या घोषणेसारखं. एका ठिकाणी ती अडखळली, बोटाने फोन सरकवला आणि पुढची वाचायला लागली.

"थांब," शशिकला म्हणाली. "एक राहिली."

"नाही काकू."

"मधली एक राहिली. तू गाळलीस."

अंतराने तिच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच त्या नजरेत भीती नव्हती. "काकू, ही नको."

"वाच."

"प्लीज. ही राहू द्या. मी दुसऱ्या सगळ्या परत वाचते हवं तर."

"अंतरा, वाच म्हणते ना."

अंतराने अगदी हळू वाचलं. "कैवल्य अमृतकर. 'ओएमजी, दॅट्स माय आई. आय ॲम डेड.' कवटी. रडेपर्यंत हसणारा चेहरा."

ही माझी आई आहे आणि मी हसून हसून मेलो, एवढाच त्याचा अर्थ. खाली त्याच्या मित्रांनी काय काय लिहिलं होतं ते कोणी वाचलं नाही. जैतून "या अल्ला" म्हणून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मला हे माहीत नव्हतं. सुदामलाही नव्हतं. शशिकला ते ऑगस्टपासून एकटी बाळगून होती.

"तुला माहीत होतं," शशिकला म्हणाली.

"हो. त्या दिवशीच दिसलं होतं."

"मग आज का गाळलीस?"

अंतरा रडायला लागली. आधीच्या रडण्याला आवाज असायचा, या वेळी नव्हता. "मलाही मुलगा आहे, काकू."

मला वाटलं, आता शशिकला विरघळेल. तिने हात पुढे केला तेव्हा मला वाटलं, ती अंतराचा खांदा धरेल. तिने टेबलावरचा टिश्यूचा डबा अंतराकडे सरकवला.

"त्याचं मी बघेन. तू पुढची वाच."

राहिलेल्या तिने वाचल्या. शेवटची नुसती अंगठ्याची होती. "अंगठा," अंतरा म्हणाली आणि फोन टेबलावर ठेवला. "झाल्या. काकू, आता तक्रार नाही ना करणार? आमचं गुरुवारी विमान आहे."

"तसं मी कधी म्हटलं होतं?"

"पण मी सगळ्या वाचल्या! तुम्ही सांगितलंत तसं सगळं..."

"मी फक्त वाच म्हटलं होतं."

"म्हणजे तुम्ही दिली तक्रार? आधीच दिलीय?"

"ते तुला पासपोर्टच्या खिडकीपाशी कळेल," शशिकला म्हणाली. "तो शिक्का मारतो की मागे बघून कोणाला हाक मारतो, तेव्हा."

मी अंतराला लिफ्टपर्यंत सोडायला गेले. तिने माझे दोन्ही हात धरले.  "मधुकाकी, तुम्ही तरी सांगा. दिलीय का?"

"मला माहीत नाही गं," मी म्हटलं. खरोखरच माहीत नव्हतं. माहीत असतं तरी सांगितलं नसतं.

गुरुवारी सकाळी मी शशिकलाकडे गेले. ती लसूण सोलत बसली होती. फोन कुठे दिसत नव्हता. मला राहवलं नाही. "दिलीस का तक्रार?"

"नाही."

"मग कधी देणार? आता ते विमानतळावर पोचलेही असतील."

"कधीच देणार नव्हते, काकी." तिने पाकळी नखाने उघडली. "पोलिसांना पुरावा लागतो. तो व्हिडिओ त्यांना दाखवावा लागला असता. एका टेबलावर चार पुरुष बसून बघणार, मग साहेब बघणार, मग कोर्टात. तिने सगळ्या जगाला आत घेतलं. मी आणखी चौघांना का घेऊ?"

"हे पहिल्यापासून ठरलं होतं?"

"पहिल्या दिवसापासून. पण तिला कुठे माहीत आहे?" शशिकला हसली. ते हसू बघून मला खूप बरं वाटलं, हे मी लपवत नाही. "आत्ता ती रांगेत असेल. पोराचा हात धरून. पुढे दोन माणसं असतील. तो शिक्का मारणारा वर बघेल, स्क्रीनकडे बघेल, परत वर बघेल. तिला वाटेल, हसतोय का हा? ओळखलं का याने मला?"

दुपारी ती झोपली. गोळी न घेता, दिवाणावर, तोंड उघडं टाकून, घोरत. मी पंखा लावून दार ओढून घेतलं.

अंतराचा पोचल्याचा निरोप दोन दिवसांनी आला. एकच ओळ. 'पोहोचलो. तुम्ही नव्हती दिली.' शशिकलाने ती वाचली आणि तिचा नंबर ब्लॉक करून टाकला. त्यात आभार होते की शिवी होती, हे आम्हाला कळलं नाही आणि आम्ही शोधलंही नाही. ते पान अजून कुलूपबंद आहे, असं माझी सून सांगते. स्टिकर मात्र फिरतंच आहे. परवा भाजी मार्केटात एका मुलाने शशिकलाला ओळखलं आणि मित्राला कोपर मारलं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ओढणी डोक्यावर नव्हती. "हां, मैं ही हूँ," ती म्हणाली. "हसना है? मेरे सामने हसो." तो मुलगा मिरच्यांच्या पिशवीत बघायला लागला.

कैवल्यचा फोन दर रविवारी येतो. अंतराचा निरोप आल्यानंतरच्या रविवारी मी तिथेच होते, तिने मुद्दाम थांबवून घेतलं होतं. फोन स्पीकरवर ठेवला.

"हाय आई! ईस्टरला तिकीट बघतोय. चीप आहे. बुक करू?"

"कैवल्य, ऑगस्टमध्ये त्या व्हिडिओखाली तू काय लिहिलंस?"

पलीकडे मागे चाललेलं गाणं बंद झालं. मग, "आई, इट वॉज जस्ट अ जोक. एव्हरीवन वॉज..."

"माहीत आहे. सगळ्यांचाच विनोद होता."

"आय वॉज प्राउड, ॲक्चुअली. माझे फ्रेंड्स म्हणाले, युअर मॉम इज सो कूल."

"मराठीत बोल."

"आई, सॉरी. खरंच सॉरी. मी विचार नाही केला."

सुदाम दारात येऊन उभा राहिला होता. त्याने तिच्याकडे बघून मान हलवली, जाऊ दे, अशी. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

"ईस्टरला येऊ नकोस," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी अजून रागावलेली आहे. मी तुला वाढेन, तुझे कपडे धुवीन आणि आतून तुझ्यावर चिडत राहीन, ते मला नको. माझा राग संपला की मी कळवेन. तेव्हा ये."

"हाऊ लाँग, आई?"

"ते मला कुठे माहीत आहे?" शशिकला म्हणाली. "तू वाट बघ."